शरीरातला हिजाब आणि आपली शरम

हिजाब हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. टीव्हीवरची चर्चा, कोर्टातला खटला, कॉलेजच्या फाटकावरचा वाद. पण अरबी आणि उर्दूत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि त्यावर कुणाचंच भांडण नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा जो पडदा असतो त्याला ‘हिजाब-ए-हाजिज’ म्हणतात. हाजिज म्हणजे अडवणारा, दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारा. मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच श्वासपटल म्हणतात. हा हिजाब बाईला आहे तसा पुरुषालाही आहे, मुसलमानाला आहे तसा हिंदूलाही आहे. तो खाली सरकतो तेव्हा श्वास आत येतो, वर येतो तेव्हा बाहेर जातो. दिवसातून हजारो वेळा तो हे काम करतो आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

हा पडदा आणि त्याच्या खालची पोटाची भिंत कमकुवत झाली की काय होतं, यावर मला आज लिहायचं आहे. मराठीत त्याला अंतर्गळ म्हणतात, उर्दूत ‘आंत उतरना’ म्हणतात, आणि आता सगळेच हर्निया म्हणतात. विषय थोडा अडचणीचा वाटेल. तसा तो वाटतो म्हणूनच लिहितो आहे. हर्निया लपवणं हे हर्नियापेक्षा जास्त धोक्याचं आहे. आणि आपल्या समाजात त्या लपवण्याला आपण हया, म्हणजे लज्जा, असं धार्मिक नाव देऊन टाकलं आहे. माझ्या मते हे धर्माच्याही विरुद्ध आहे आणि शहाणपणाच्याही.

आधी आजार समजून घेऊ. पोट ही एक बंद पिशवी आहे असं समजा. वर श्वासपटल, मागे पाठीचा कणा, पुढे आणि बाजूला स्नायूंची भिंत, खाली कमरेच्या हाडांमधला तळ. आपण खोकतो, शिंकतो, वजन उचलतो, शौचाला जोर करतो तेव्हा या पिशवीत दाब वाढतो. भिंत मजबूत असेल तर काही होत नाही. पण भिंतीत काही जागा मुळातच कच्च्या असतात. जांघेची जागा, जिथून मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण खाली उतरलेले असतात. बेंबी, जिथून नाळ आत शिरलेली असते. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांची जागा. श्वासपटलातलं ते छिद्र, जिथून अन्ननलिका खाली येते. दाब वाढला आणि या कच्च्या जागेतून आतडं किंवा त्यावरची चरबी बाहेर आली की तो झाला हर्निया.

अरबीत याला ‘फत्क’ म्हणतात. फत्क म्हणजे उसवणं, फाटणं. त्याच्या उलट शब्द ‘रत्क’, म्हणजे जोडलेलं, शिवलेलं असणं. कुरआनच्या सूरह अंबियामध्ये आकाश आणि पृथ्वी आधी जोडलेली होती आणि मग वेगळी केली गेली, हे सांगताना याच दोन धातूंचे शब्द आले आहेत. भाषेचा शिक्षक म्हणून मला या शब्दातून आजार सर्वात नीट कळतो. कापड उसवलं की त्याला मलम लावत नाहीत. ते शिवावं लागतं. हर्नियाचंही तसंच आहे. भिंतीत पडलेलं भोक बुजवणारी गोळी अलोपथीत नाही, युनानीत नाही, आयुर्वेदात नाही. तेल चोळून ते बुजत नाही, तावीज बांधून बुजत नाही. कमरेचा पट्टा गाठ तेवढी दाबून धरतो, भोक तसंच राहतं. आणि आतडं बाहेर अडकलेलं असताना वरून पट्टा आवळला तर इजाच होते.

हा आजार दुर्मीळ नाही. परदेशात झालेल्या अभ्यासांनुसार साधारण चार पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. म्हणजे जुम्म्याच्या नमाजला चारशे पुरुष जमले असतील तर त्यांपैकी बऱ्याच जणांना हा झालेला असतो किंवा पुढे होणार असतो. तरी आपण याबद्दल किती वेळा बोलतो? शुगरबद्दल बोलतो, बीपीबद्दल बोलतो. गुडघेदुखीबद्दल तर वजूखान्यात बसूनही चर्चा होते. जांघेतल्या गाठीबद्दल कुणी बोलत नाही.

बोलायला शब्दही नाहीत. पुस्तकात ‘वंक्षण’ असतं, ते कुणाच्या तोंडी नाही. मग माणूस म्हणतो, ‘खाली जरा त्रास आहे.’ बाई म्हणते, ‘ओटीत गोळा येतो.’ मूल म्हणतं, ‘तिथे दुखतं.’ आमच्याकडे ‘नाफ टल गई’ म्हणतात, म्हणजे बेंबी जागेवरून सरकली. मग कुणीतरी पोट चोळून ती जागेवर बसवायला येतं. साध्या पोटदुखीत हे एक वेळ चालून जाईल. पण आत आतडं अडकलेलं असेल तर ते चोळणं जिवावर बेतू शकतं.

धोका नेमका कुठे आहे ते पाहू. सुरुवातीला गाठ उभं राहिलं की दिसते, आडवं झालं की आत जाते. दुखतही नाही. म्हणून माणूस वर्षानुवर्षं ती हाताने आत ढकलत राहतो. एखाद्या दिवशी ती आत जात नाही. भोकाच्या कडांमध्ये आतडं आवळलं जातं. त्याचा रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांत ते सडायला लागतं. गाठ कडक होणं, तिचा रंग बदलणं, ती आत न जाणं, खूप दुखणं, उलट्या होणं, गॅस आणि शौच बंद होणं, ताप येणं. यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. तासाभरात ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. घरून निघताना रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

आमच्या ओळखीतले एक चाचा यंत्रमागावर काम करायचे. सात वर्षं त्यांच्या जांघेत गाठ होती. बायकोला सांगून ठेवलेलं, ‘किसी को बोलना नहीं.’ मुलांची लग्नं व्हायची होती, लोक काय म्हणतील ही भीती. एका रात्री गाठ कडक झाली, उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्याने अॅसिडिटीची गोळी दिली. पहाटे नाफ बसवणारा बोलावला, त्याने पोट चोळलं. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत दुपार झाली. आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. चाचा वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पण दोन-चार दिवसांत घरी आणणाऱ्या ऑपरेशनच्या जागी दोन आठवडे हॉस्पिटल, चाचीचे दागिने गहाण आणि चार महिने काम बंद. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं का दाखवलं नाही? चाचांनी दोनच शब्द सांगितले, ‘शरम, साहब.’

या शरमेच्या जोडीला पोटाचा प्रश्नही आहे, तो नाकारून चालणार नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतला यंत्रमाग कामगार मीटरवर कमावतो. जितकं कापड तितके पैसे. आजारपणाची रजा नाही. तो वजनदार बीम उचलतो, सुताची धूळ छातीत घेतो, त्या धुळीने खोकतो. वर बिडी. म्हणजे पोटातला दाब वाढवणारी सगळी कारणं एकाच माणसात जमा होतात. हमालाचंही तेच. हमाल हा शब्दच अरबी आहे, ओझं वाहणारा. पूर्वी महाराष्ट्रातल्या बाजारांत 100 किलोचं पोतं एकट्याच्या पाठीवर दिलं जायचं. त्याचं वजन 50 किलोवर यावं म्हणून डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने दीर्घ लढा दिला. हमालाच्या शरीराची किंमत त्या लढ्याने मान्य करून घेतली. आपल्या मोहल्ल्यातल्या कारखान्यांत आणि गोदामांत ती आपण मान्य करतो का? कामगाराला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सुट्टी मागावी लागते तेव्हा त्याची जागा टिकवून ठेवणारे मालक किती आहेत? यातले अनेक मालक आपल्याच पहिल्या सफमध्ये उभे असतात. जकातीचा हिशेब काटेकोर करणाऱ्यांनी हाही हिशेब करावा.

आता बायकांकडे येऊ. हर्निया हा पुरुषांचा आजार आहे असा समज आहे, आणि त्याचं नुकसान बायकांना होतं. एकामागून एक बाळंतपणं झाली, सिझेरियन झालं, गर्भपिशवी काढली की पोटाची भिंत सैल होते. बेंबीपाशी किंवा टाक्यांच्या जागी फुगा येतो. बाई समजते, पोट सुटलं. घरचेही तेच म्हणतात. ती मांडी घालून पीठ मळते, हंडे उचलते, फुगा वाढत राहतो. मांडीच्या वरच्या टोकाला होणारा एक हर्निया बायकांमध्ये जास्त दिसतो. तो लहान असतो, चटकन लक्षात येत नाही, आणि आतडं आवळलं जाण्याचा धोका त्यात जास्त असतो. अशा जागेची गाठ बाई पुरुष डॉक्टरला दाखवायला तयार होत नाही. नवराही म्हणतो, लेडी डॉक्टर मिळाली की बघू. ती मिळेपर्यंत वर्ष जातं. लेडी डॉक्टर मिळाली तर उत्तमच, तशी मागणी करणं हा रुग्णाचा हक्क आहे. पण ती नाही म्हणून उपचारच नाही, हे शरीअतने सांगितलेलं नाही.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घ्याव्या लागतात. तान्ह्या बाळाची बेंबी फुगलेली असेल तर ती बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत आपोआप आत जाते. तिच्यावर नाणं बांधण्याचा काही उपयोग नाही, उलट त्याखाली त्वचा चिघळते. पण बाळाच्या जांघेत रडताना गाठ येत असेल तर ती आपोआप जात नाही. ती लवकर सर्जनला दाखवायची. खतन्यासाठी मुलाला डॉक्टरकडे नेता तेव्हा जांघ आणि दोन्ही वृषण जागेवर आहेत का, हेही तपासायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि मग तो हिजाब. क्वचित एखाद्या बाळाच्या श्वासपटलात जन्मतःच भोक असतं. साधारण 2500 ते 3000 जन्मांमागे एका बाळात असं होतं, आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूला. पोटातलं आतडं, कधी जठर, छातीत चढून बसतं आणि त्या बाजूच्या फुफ्फुसाला वाढायला जागाच उरत नाही. जन्मल्या जन्मल्या बाळाला श्वास घेता येत नाही, ते निळं पडतं. पोट मात्र खपाटीला गेलेलं दिसतं. दुसऱ्या एका प्रकारात भोक नसतं, पण पडदा पातळ आणि सैल असतो, किंवा त्याला चालवणारी नस निकामी झालेली असते. ही नस मानेतून निघते. अवघड बाळंतपणात बाळाचा खांदा ओढला गेला तर तिला इजा होऊ शकते. मग पडदा एका बाजूला वर चढून राहतो. असं मूल भरभर श्वास घेतं, दूध पिताना दमतं, त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. आई म्हणते, नजर लागली. दर वेळी औषध देऊन मूल घरी येतं. अशा मुलाच्या छातीचा एक्स-रे काढून ‘पडदा वर आहे का’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा. सैल पडद्याचं ऑपरेशन शिंप्याच्या भाषेत सांगण्यासारखं आहे. जास्तीच्या कापडाला चुण्या घालून ते ताणून शिवतात. पडद्यातलं भोक लहान असेल तर कडा जोडतात, मोठं असेल तर ठिगळ लावतात.

पहिल्या प्रकाराची बरीच बाळं गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच ओळखता येतात. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचे अवयव पाहण्यासाठी जी सोनोग्राफी करतात ती म्हणूनच चुकवू नये. बाळ मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि दीनमध्येही मुलीच्या जन्माचं दुःख करणाऱ्यांना फटकारलेलं आहे. पण बाळाची छाती, हृदय, पाठीचा कणा नीट आहे का, हे पाहण्यात काही गैर नाही. आधी कळलं तर बाळंतपण अशा हॉस्पिटलमध्ये ठरवता येतं, जिथे नवजात बाळाला श्वास देण्याची आणि ऑपरेशनची सोय आहे. गावात बाळंत होऊन मग निळं पडलेलं बाळ घेऊन शहराकडे धावण्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

मोठ्या माणसांत हा पडदा आणखी वेगळ्या रीतीने त्रास देतो, आणि तो त्रास नमाजमध्ये सापडतो. एका बाजूचा पडदा वर चढला असेल तर माणसाला वाकल्यावर आणि आडवं झाल्यावर दम लागतो. रुकू आणि सजद्यात धाप लागते, उभं राहिलं की बरं वाटतं. लोक म्हणतात, वय झालं. एखाद्याचा पूर्वी मोटारसायकलचा अपघात झालेला असतो, तेव्हा पडदा फाटलेला असतो आणि ते कळलेलंच नसतं. अशा वेळीही एक्स-रेपासून शोध सुरू होतो.

याहून कितीतरी जास्त आढळतो तो अन्ननलिकेच्या छिद्रातला हर्निया. जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीकडे सरकतो. बऱ्याच जणांना याचा काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र वाकलं, आडवं झालं, भरपेट खाल्लं की आंबट पाणी वर येतं आणि छातीत जळजळ होते. आता आपला रमजान आठवा. दिवसभर रिकामं पोट, मग इफ्तारला भजी, समोसे, तळलेलं चिकन, वर सरबत. तासा-दीड तासात तरावीह. वीस रकअत म्हणजे वीस रुकू आणि चाळीस सजदे, भरल्या पोटावर. पहाटे सहरी पोटभर करून फज्र झाली की लगेच झोप. ज्याचा पडदा सैल आहे त्याच्या छातीत आग होणारच. दोष रोज्याचा नाही, ताटाचा आहे. खजूर, पाणी, फळं यांवर रोजा सोडून बाकीचं जेवण तरावीहनंतर थोडं थोडं घेतलं, सहरी हलकी ठेवली, तर अनेकांचा त्रास निम्म्यावर येतो. एक सावधगिरी मात्र हवी. छातीत दुखणं म्हणजे अॅसिडिटीच, असं स्वतः ठरवू नका. आधी हृदय तपासून घ्या.

आता मूळ मुद्दा, हया. हया हा इमानचा भाग आहे, यात वाद नाही. पण आजार लपवणं म्हणजे हया, हे आपल्याला कुणी शिकवलं? हजरत इम्रान बिन हुसैन (र.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सहाबी होते. त्यांना मूळव्याध होती. सहीह बुखारीत आहे की त्यांनी प्रेषितांना या आजारात नमाज कशी पढावी हे विचारलं. उत्तर मिळालं की उभं राहून पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. या हदीसवर आपण नमाजच्या सवलतीसाठी शेकडो वेळा बयान ऐकतो. पण त्यातल्या एका गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही. एका सहाबीने शरीराच्या सर्वात झाकल्या जागेचा आजार सरळ सांगितला. त्यांना शरम वाटली नाही. प्रेषितांनीही हा विषय कशाला काढला असं म्हटलं नाही. ही गोष्ट हदीस म्हणून जपली गेली, चौदाशे वर्षं शिकवली गेली. अन्सारच्या बायका धर्माची माहिती विचारायला लाजत नसत, म्हणून हजरत आएशा (र.) यांनी त्यांचं कौतुक केल्याचीही नोंद आहे. युद्धात जखमी झालेल्या पुरुषांवर सहाबी बायका उपचार करत होत्या. फिकहचा नियमही सर्व आलिमांना ठाऊक आहे. गरज असेल तेव्हा मनाई सैल होते, आणि ती गरजेपुरतीच. डॉक्टरने गाठ तपासण्यासाठी जेवढं पाहायला हवं तेवढं पाहणं यात बसतं.

आपण इतिहासाचा अभिमान बाळगतो. कॉर्डोबाजवळच्या अझ-जहरा या शहरातले सर्जन अबुल कासिम अझ-जहरावी, ज्यांचं निधन सुमारे 1013 साली झालं, त्यांचं नाव आपल्या प्रत्येक शैक्षणिक जलशात घेतलं जातं. त्यांच्या ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात हत्यारांच्या आकृत्या आहेत, हर्नियावरही लिहिलेलं आहे. बाराव्या शतकात त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातले सर्जन कैक शतकं त्यातून शिकले. त्या काळची डागणी आज कुणी वापरणार नाही, वापरूही नये. हर्निया शिवण्याची आधुनिक रीत इटलीतल्या बासिनी यांनी 1880 च्या दशकात घालून दिली आणि आता बहुधा जाळी बसवतात. पण हजार वर्षांपूर्वी एक मुसलमान सर्जन जांघेच्या आजाराविषयी शांतपणे, तपशिलात लिहू शकत होता. त्याच्या नावाच्या घोषणा देणाऱ्या आपल्याला मात्र डॉक्टरसमोर तोंड उघडवत नाही.

जाळीचा विषय निघालाच आहे तर एक शंका दूर करतो, कारण ती मनात असते आणि विचारली जात नाही. ही जाळी डुकरापासून बनवतात का? नेहमीच्या ऑपरेशनमध्ये वापरतात ती जाळी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या धाग्याची असते. तिच्यात कुठल्याही जनावराचा अंश नसतो. डुकराच्या किंवा गुरांच्या त्वचेपासून बनवलेल्या जाळ्याही असतात, पण त्या महाग असतात आणि थोड्याच, गुंतागुंतीच्या ऑपरेशनमध्ये वापरल्या जातात. शंका असेल तर सर्जनला आधी विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. दुसरी भीती मर्दानगीची. ऑपरेशनमुळे ती जाते असं लोक बोलतात. जांघेच्या ऑपरेशनमध्ये वृषणाच्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका शून्य नाही, पण लहान आहे. आवळलेला हर्निया तसाच ठेवला तर वृषणाला आणि जिवालाही होणारा धोका कितीतरी मोठा आहे.

याचा अर्थ प्रत्येक गाठीला उद्याच चाकू लावायचा, असा नाही. पुरुषाच्या जांघेतला हर्निया लहान असेल, दुखत नसेल, तर डॉक्टर काही काळ लक्ष ठेवून थांबायलाही सांगतात. पण ते थांबणं वेगळं आणि लपवून ठेवणं वेगळं. पहिल्यात कशावर नजर ठेवायची, कधी धावत यायचं, हे रुग्णाला माहीत असतं. दुसऱ्यात काहीच माहीत नसतं.

खर्चाचंही बोलू. हर्नियाचं ऑपरेशन सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपला आजार बसतो का, कोणती कागदपत्रं लागतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी पालक मुलाला घरी ठेवतात हे मी शाळेत पाहतो. ठेवू नका. उलट मुलाला काही त्रास असेल तर तो वर्गशिक्षकाला आधी चिठ्ठीवर लिहून द्या.

आता मागण्या. इमाम साहेबांना माझी विनंती आहे की वर्षातून एका जुम्म्याला पाच मिनिटं या विषयाला द्यावीत. त्यासाठी वैद्यकीय भाषणाची गरज नाही. हजरत इम्रान बिन हुसैन (र.) यांची हदीस सांगावी आणि एवढंच म्हणावं की ज्याला जांघेत, बेंबीला गाठ आहे त्याने दाखवून घ्यावी. मिंबरवरून आलेला शब्द शंभर पोस्टरांचं काम करतो. मशीद कमिटीने आरोग्य शिबिर ठेवलं तर शुगर-बीपीबरोबर सर्जनलाही बोलवावं, पडदा लावून वेगळी जागा करावी, आणि बायकांसाठी लेडी डॉक्टर आणावी. ऑपरेशननंतर काही आठवडे जो खुर्चीवर बसून नमाज पढतो त्याला ‘क्या हुआ?’ विचारत सगळ्या सफने वळून पाहू नये. या प्रश्नाच्या भीतीने मशिदीत येणं सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्यांच्या हातात जकात आणि सदका गोळा होतो त्यांनी एखाद्या गरीब, हकदार कामगाराच्या घराचा महिन्याचा किराणा भरावा, म्हणजे तो ऑपरेशनची तारीख पुढे ढकलणार नाही. आणि कारखानदारांनी त्याची जागा राखून ठेवावी.

राहिलं घर. आईने मुलाला शरीराच्या अवयवांची नावं घाबरवून नव्हे, साधेपणाने शिकवावीत. ‘तिथे दुखतं’ एवढंच येणाऱ्या मुलाला जांघेत गाठ आली तर तो सांगणार कसा? नवऱ्याने बायकोला विचारावं, तुझं पोट दुखतं का, फुगा येतो का. मुलांनी वडिलांना विचारावं. म्हातारा बाप स्वतःहून कधीच सांगणार नाही. आणि हे वाचताना ज्याचा हात नकळत स्वतःच्या गाठीकडे गेला असेल, त्याने या आठवड्यात सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत जाऊन ती दाखवावी. केसपेपर काढायला सकाळी लवकर जावं, दुपारी गर्दी होते.